जिनाच्या बंधाऱ्यावर आणखी एक मीटर चढवण्याआधी

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
आणि जलसंधारणाचं काम पाहणारे मा. अभियंता साहेब,

सविनय नमस्कार.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला ओढ्यावर जो जुना दगडी बंधारा आहे, त्याच्या माथ्यावर एक मीटर उंचीची काँक्रीटची भिंत चढवायचं काम मंजूर झालं आहे. ग्रामपंचायतीसमोर फलक लागला, खडी येऊन पडली, आणि पावसाच्या आत काम उरकायचं आहे असं ठेकेदाराच्या माणसानं सांगितलं. हे काम थांबवा, एवढं सांगण्यासाठी हे पत्र आहे. ते सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण या बंधाऱ्याची तपासणी करा म्हणून गेल्या काही वर्षांत गावातून जे अर्ज गेले, त्यांना दरवेळी एकाच ओळीचं उत्तर आलं: सदर बंधारा या कार्यालयाच्या नोंदवहीत नाही.

तपासणी मागितली तेव्हा बंधारा नोंदीत नव्हता. उंची वाढवायची ठरली तेव्हा ती नोंद कुणाला आडवी आली नाही. हे कसं झालं, याचा लेखी खुलासा आम्हाला हवा आहे.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. आमच्या अर्जांवर ते आहे. आणि बालाघाटाच्या कुशीतल्या बऱ्याच गावांच्या वर असा एखादा धनी नसलेला बंधारा उभा आहे. त्या लोकांनीही हे पत्र आपलं समजून वाचावं.

तुमच्यापैकी बहुतेकजण बदलून आलेले असाल, म्हणून थोडा इतिहास सांगते. हैदराबाद संस्थानाच्या काळात इथे कापसाचा जिन होता. सरकी काढायची यंत्रं वाफेच्या इंजिनावर चालायची आणि बॉयलरला पाणी लागायचं. विहिरीच्या पाण्यावर हंगाम निघेना, म्हणून जिनाच्या मालकानं ओढा अडवून काळ्या दगडाची, चुन्यातली भिंत बांधली. दोन्ही अंगांना मातीचे भराव घातले, उजव्या अंगाला जादा पाणी निघून जायला सांडवा काढला आणि तळाशी पाणी सोडायला लोखंडी झडपेची मोरी ठेवली. माझे वडील त्या जिनात इंजिनावर होते. पुढे वीज आली, वाफेचं इंजिन गेलं, मग जिनही बंद पडला. यंत्रं भंगारात गेली. मालकाचे वारस कुठे गेले ते कुणाला माहीत नाही. मधल्या काळात आम्ही १९४८ मध्ये निजामाच्या राज्यातून मोकळे झालो, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. बंधाऱ्याचा कागद या तीन राज्यांच्या मधे कुठेतरी राहून गेला.

आज बंधाऱ्याच्या खाली ओढ्याच्या दोन्ही काठांना वस्ती आहे. जिन चालू होता तेव्हा तिथे कामगारांच्या झोपड्या होत्या. आता पक्की घरं आहेत, अंगणवाडी आहे, चौथीपर्यंतची शाळा आहे, आणि वस्तीतून बाहेर पडायला एकच फरशीपूल आहे, जो थोड्याशा पुरातही पाण्याखाली जातो. माझं घर तिथेच आहे. त्या शाळेत शिकून मी मास्तरीण झाले, जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान आणि गणित शिकवत निवृत्त झाले. खाली जे आकडे मांडले आहेत ते हायस्कूलच्या गणिताचे आहेत. तुमच्या अभियंत्यांनी ते तपासावेत. चुकले असतील तर तसं जाहीर सांगावं. मला आनंदच होईल.

त्याआधी गावकऱ्यांबद्दल एक बोलते. उंची वाढवायचा ठराव ग्रामसभेनं केला, हे खरं आहे. त्याला हात वर करणाऱ्यांवर माझा जराही राग नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. ते दिवस आम्ही काढलेत. उन्हाळ्यात टँकरमागे धावलेली बाई पावसाळ्यात एक फूट पाणी जास्त अडणार म्हटल्यावर नाही कशी म्हणेल? आमच्या विहिरींना जे पाणी आहे ते या बंधाऱ्याच्या पाझराचं आहे. बंधारा नको, असं गावात कुणीच म्हणत नाही, मीही नाही. पण ग्रामसभेनं पाणी मागितलं होतं. ही भिंत वाढीव पाणी पेलेल की नाही, हे सांगणं ग्रामसभेचं काम नव्हतं. ते तुमचं होतं, आणि ते कुणीही केलं नाही.

आता भिंतीकडे वळते. बंधाऱ्यावर पाण्याचा रेटा किती बसतो हे पाणी मागे किती लांबवर पसरलं आहे यावर ठरत नाही. भिंतीपाशी ते किती खोल आहे यावर ठरतं. आणि खोली वाढते त्याच्या वर्गानं रेटा वाढतो. आज बंधारा भरला की भिंतीशी साधारण चार मीटर पाणी असतं. त्या वेळी भिंतीच्या दर मीटर लांबीवर सुमारे आठ टनांचा रेटा असतो. पाणी पाच मीटर झालं की तोच रेटा साडेबारा टनांवर जातो. भिंत उलथवू पाहणारा जोर खोलीच्या घनानं वाढतो, म्हणजे तो जवळपास दुप्पट होतो. वरून काँक्रीटचं वजन पडल्यावर भिंत आणखी घट्ट बसेल, असं आम्हाला सांगण्यात आलं. अर्धा मीटर जाड आणि एक मीटर उंच काँक्रीटचं वजन दर मीटरला सव्वा टनाच्या आसपास भरतं. रेटा वाढतो साडेचार टनांनी. शिवाय हे वजन माथ्यावर बसतं, आणि पाणी भिंतीच्या पायाखाली शिरून तिला खालून उचलू पाहतं ते वेगळंच. पाया किती खोल आहे, कातळावर आहे की मुरमावर, हे आज कुणालाही ठाऊक नाही. त्यासाठी एकही बोअर घेतलेलं नाही.

यापेक्षा मोठी काळजी मातीच्या भरावांची आहे. माहितीच्या अधिकारात मिळालेलं अंदाजपत्रक मी ओळ न् ओळ वाचलं. त्यात दगडी भागावरचं काँक्रीट आहे, सांडव्याचा उंबरा, म्हणजे जिच्यावरून पाणी सांडतं ती कड, एक मीटर वर घ्यायचं काम आहे. दोन्ही बाजूंच्या भरावांसाठी एक पाटी मातीसुद्धा नाही. म्हणजे पाणी एक मीटर वर थांबणार आणि भरावाचा माथा आहे तिथेच राहणार. पूर येईल तेव्हा तो सामावून घ्यायला पाण्याच्या पातळीवर जी मोकळी जागा सोडलेली असते, तीच आता साठ्यानं भरून ठेवायची असा या कामाचा अर्थ होतो. दगडी भिंतीवरून थोडा वेळ पाणी गेलं तर ती तग धरू शकते. मातीच्या भरावावरून पाणी गेलं तर तो काही तासांत कापला जातो. हे पाटबंधाऱ्याच्या कामावर पाट्या टाकणारा मजूरही सांगेल. माझी आई १९७२ च्या दुष्काळात वरच्या पाझर तलावाच्या कामावर होती. भरावाचा थर पाणी मारून नीट दाबला नाही तर मुकादम तो पुन्हा उकरायला लावायचा, असं ती सांगायची.

सांडव्याचंही गणित मांडते. बंधाऱ्याचा पाणलोट, म्हणजे ज्या रानाचं पाणी त्यात उतरतं तो सगळा भाग, गावनकाशावरून दहा चौरस किलोमीटरच्या आसपास भरतो. त्यावर तीन तासांत शंभर मिलीमीटर पाऊस झाला आणि त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं, तर ओढ्याला सरासरी सेकंदाला ४६ घनमीटर पाणी येतं. ऐन भर तर याहून जास्त. आपला सांडवा बारा मीटर रुंद आहे. त्यावरून एक मीटर जाडीचं पाणी गेलं तरी सेकंदाला वीस घनमीटरच्या पुढे फारसं जात नाही. आणि तो बारा मीटर तरी आज कुठे मोकळा आहे? त्यात वेड्या बाभळींचं रान माजलंय. खालच्या तोंडाला शेतरस्ता काढताना दोन सिमेंटच्या नळ्या टाकून वर मुरूम भरला. तेव्हाही आम्ही सांगितलं होतं.

असा पाऊस पडत नाही, असं आता कुणी म्हणू नये. चोवीस तासांत ६५ मिलीमीटर झाला की महसूल मंडळात अतिवृष्टी धरायची, हे माप सरकारचंच आहे, आणि ते माप ओलांडल्याच्या बातम्या आता दर पावसाळ्यात येतात. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये बीड, धाराशिव, लातूर, नांदेड या जिल्ह्यांत काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. उभं सोयाबीन तर गेलंच; वावरातली मातीही खरडून गेली. तेव्हा एका रात्री आमच्या वस्तीतल्या बाया लेकरं घेऊन शाळेच्या गच्चीवर बसल्या होत्या. गडी माणसं बॅटऱ्या घेऊन भरावावर उभी होती. पाणी माथ्याच्या दीड-दोन हात खाली थांबलं. उंबरा एक मीटर वर असता तर ते कुठे थांबलं असतं, याचं उत्तर मला तुमच्या सहीनिशी हवं आहे.

भिंतीची आजची अवस्था पाहायला अभियंता असायची गरज नाही. खालच्या तोंडावर जागोजाग पांढरे ओघळ आहेत. तो दगडांमधला चुना विरघळून बाहेर येतो आहे. चुना गेला की दगड नुसते एकमेकांवर ठेवलेले राहतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर डाव्या टोकाशी तिरकी भेग दिसली. त्या वेळी वर्गणी काढून गावानं वरवर सिमेंट भरून घेतलं. सिमेंटखाली पाणी अडतं आणि आतला चुना आणखी भुसभुशीत होतो, हे नंतर एका जाणत्या गवंड्यानं समजावलं. भिंतीत उंबर आणि पिंपळ रुजले आहेत, भरावात घुशींची बिळं आहेत. तळाची मोरी कित्येक वर्षांपासून गंजून बंद आहे. या मोरीचं महत्त्व मला फार वाटतं. उद्या भिंतीत काही बिघाड दिसला तर पाणी उतरवायला दुसरा मार्गच नाही. भरलेला बंधारा पाहत बसणं एवढंच हातात उरतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी गाळ काढायचं काम झालं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना चांगली आहे. तो गाळ आमच्याही वावरात पडला आणि त्याचा गुण आला. पण पोकलेननं गाळ थेट भिंतीच्या पायथ्यापर्यंत उकरला. भिंतीला लागून असलेला जुना घट्ट गाळ पाझर रोखून धरत होता, तो निघाला. त्या पावसाळ्यापासून उजव्या भरावाच्या पायथ्याला नवा झरा फुटलाय. पाझरणं हा मातीच्या भरावाचा स्वभावच आहे. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर त्यावर नजर ठेवली म्हणजे पुरतं. आमच्या झऱ्याचं पाणी मोठ्या पावसानंतर गढूळ येतं. गढूळ पाणी म्हणजे आतली माती बाहेर निघते आहे, भरावात पोकळी होते आहे. मी ते पाणी काचेच्या बरणीत भरून ठेवलं. खाली बसलेली माती कार्यालयात नेऊन दाखवली. टेबलामागच्या साहेबांनी बरणी हातात घेतली, नोंदवही पाहिली, आणि बंधारा आमच्याकडे येत नाही असं शांतपणे सांगितलं.

तो तुमच्याकडे का येत नाही, हेही मी शोधलं. तळ्या-बंधाऱ्यांची वाटणी त्यांच्याखाली किती हेक्टर भिजतं यावर होते. शंभर हेक्टरपर्यंतचं जिल्हा परिषदेकडे, त्यावरचं सहाशे हेक्टरपर्यंत राज्याच्या मृद व जलसंधारण विभागाकडे, त्याच्या वरचं जलसंपदा विभागाकडे. आमचा बंधारा बॉयलरसाठी बांधलेला. त्याच्या नावावर एक गुंठाही भिजत नाही. म्हणून तो कोणत्याच रकान्यात बसत नाही. धरण सुरक्षेचा केंद्राचा कायदा २०२१ मध्ये आला, तोही १५ मीटरपेक्षा उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधल्या, ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना लागू होतो. आमची भिंत त्याच्या निम्म्यानंही नाही. मोठ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी होते, नाशिकला त्यासाठी धरण सुरक्षितता संघटना आहे, हे सगळं योग्यच आहे. पण पाणी सुटलं तर आमच्या शाळेत ते किती उंच चढेल, हे कायद्यातल्या उंचीवरून ठरणार नाही. शाळा भिंतीपासून किती जवळ आहे यावरून ठरेल, आणि ती हाकेच्या अंतरावर आहे.

बंधारा लहान आहे, एवढं काय होणार, असं ज्यांना वाटतं त्यांनी चिपळूण तालुक्यातलं तिवरे आठवावं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी लोकांनी आधी केल्या होत्या. नंतर खेकड्यांनी भराव पोखरला असं सांगितलं गेलं. पोखरणाऱ्या जिवांना दोष देऊन काय मिळणार? पोखरलेलं वेळेवर पाहणं हे माणसांचं काम आहे. आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा खाली असलेली खडकवासल्याची जुनी दगडी भिंत ते पाणी पेलू शकली नाही, हेही विसरता येत नाही. आमच्या बंधाऱ्याच्याही वर एक तलाव आहे, तोच, ज्यावर माझी आई राबली. त्या तलावाची तपासणी शेवटची कधी झाली? तो गेला तर जिनाचा बंधारा किती वेळ उभा राहील, याचा विचार अंदाजपत्रक करणाऱ्यानं केला आहे का?

जिल्हाधिकारी साहेब, हा मजकूर मुख्यतः आपल्यासाठी आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे आपण जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात. आपल्याला हस्तक्षेप करायला बंधारा कुणाच्या नोंदवहीत आहे हे पाहत बसावं लागत नाही. मालकी नंतर ठरेल. धोका आज आहे.

मालकीचा कागद सापडत नाही, हे कारणही पुरेसं नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी मराठवाडाभर निजामकालीन दप्तरं उघडली गेली, उर्दू आणि मोडी वाचणारे जाणकार बसवले, जुनी रजिस्टरं पानापानानं तपासली. तहसिलातलं खासरापत्रक, संस्थानाच्या काळातले नकाशे, जिनाच्या परवानगीचे कागद यांत आमच्या ओढ्यावरची ही भिंत कुठेतरी असणारच. मनावर घेतलं तर ती सापडेल.

आमच्या मागण्या अशा आहेत.

उंची वाढवायचं काम आजच्या आज थांबवा. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाकडून किंवा धरण सुरक्षिततेच्या जाणकारांकडून भिंत, पाया, भराव आणि सांडवा यांची तपासणी करून घ्या, आणि तो अहवाल मराठीतून ग्रामसभेत वाचून दाखवा. भिंत पेलू शकते असा निर्वाळा त्यांनी दिला, भराव आणि सांडवाही त्या हिशोबानं वाढवले, तर खडी उचलायला मी स्वतः येईन.

पावसाच्या आत सांडवा मोकळा करा. शेतरस्त्याच्या नळ्या काढून तिथे पाणी निघून जाईल असा फरशीचा उतार द्या. तळाची मोरी दुरुस्त करून चालू करा. ती या हंगामात होणार नसेल, तर यंदा साठा कमी ठेवता येईल अशी दुसरी सोय करा. उजव्या भरावाच्या पायथ्याच्या झऱ्यावर वाळू-खडीचा गाळणीचा थर आणि वर दगड टाकून माती वाहून जाणं थांबवा. भरावावरची झाडं जाणकारासमोरच काढा, कारण नुसती तोडली तर मुळं कुजून आत पोकळ वाटा तयार होतात. यातली बहुतेक कामं लहान आहेत. मजूर गावात आहेत.

वरचा पाझर तलावही याच तपासणीत घ्या.

भिंतीवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या रंगीत खुणा करा. अतिवृष्टीच्या इशाऱ्याच्या रात्री तिथे पगारी राखणदार ठेवा, वस्तीत भोंगा बसवा. बंधारा फुटला तर पाणी कुठवर येईल त्याचा नकाशा शाळेच्या भिंतीवर रंगवा आणि कुणी कोणत्या वाटेनं निघायचं हे एकदा प्रत्यक्ष करून घ्या. फरशीपुलाची उंची वाढवायचा प्रस्ताव जुना आहे, तो काढून पाहा.

बंधारा कोणत्या कार्यालयाचा, हे लेखी ठरवा आणि त्या कार्यालयाच्या नोंदवहीत तो उंचीसह, सांडव्याच्या रुंदीसह, खालच्या घरांच्या संख्येसह चढवा. जिल्ह्यात असे धनी नसलेले जुने बंधारे, तळी, गढीखालचे बांध किती आहेत याची यादी तलाठी आणि ग्रामसेवकांकडून मागवून जाहीर करा.

आणि तपासणीत बंधारा वाचवण्यापलीकडे गेला आहे असं निघालं, तर तेही आम्हाला स्पष्ट सांगा. पाणी टप्प्याटप्प्यानं उतरवून, भिंतीला शास्त्रोक्त खाच पाडून तो निर्धोक करा आणि विहिरींच्या पाण्याची दुसरी सोय आधी करा. गावाला ते जड जाईल. तरीही गावाशी खरं बोललात तर गाव समजून घेईल, याची खात्री मी देते.

या पत्राची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावत आहे, तालुक्यातल्या वर्तमानपत्रांनाही देत आहे. उत्तर लेखी आणि कामाला पुढचा हात लागण्याआधी मिळावं. मृग निघायला आता फार दिवस नाहीत.

आपली,
जिनाच्या बंधाऱ्याखालच्या वस्तीतली एक निवृत्त शिक्षिका